चार हजार रातकिड्यांचा शासकीय मृत्यू

वामनराव हे माळकरी गृहस्थ. कांदा-लसूण चातुर्मासात नाही, मुंगी दिसली तर पाय बाजूला, आणि दहा कोसांत कुठंही कीर्तन असलं की सतरंजीच्या पहिल्या पट्टीत यांची जागा ठरलेली. अशा माणसावर एका पूर्ण मांसाहारी जिवाच्या दोन वेळच्या जेवणाची जबाबदारी येऊन पडली, हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे. पुढं जे झालं त्यात दोष कुणाचाच नव्हता. सगळं नियमानुसार झालं.

दर्यापूरहून अकोल्याकडे निघालं की रस्त्याला लागून वामनरावांचं गाव आहे. तिथं त्यांचा वांगी, मेथी आणि सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, मळा. मुलगी वर्षाली अकोल्याला एका कंपनीत नोकरीला. त्या कंपनीत कुत्रा पाळणं हे मागासलेपणाचं लक्षण समजलं जाई आणि मांजर पाळणाऱ्याकडं लोक दयेनं पाहत. म्हणून वर्षालीनं शॅमेलिऑन पाळला. म्हणजे सरडाच, पण परदेशी वंशाचा, डोक्यावर शेंडीसारखा तुरा असलेला आणि दोन डोळ्यांनी दोन दिशांना पाहणारा. आपल्याकडचा रानातला सरडगुहिरा पाळायला कायद्यानं बंदी आहे. हा मात्र रीतसर नोंदणी केलेला होता. वामनरावांच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव होतं. पत्नी माणिकबाईंचा आधार कार्डावरचा वाढदिवस सरसकट एक जानेवारीचा. घरात ज्याची कागदपत्रं पूर्ण आहेत असा तो सरडा एकटाच होता. त्याचं नाव पंत.

मे महिन्यात कंपनीनं वर्षालीला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी बेंगळुरूला पाठवलं. जाताना ती पंताला पिंजऱ्यासकट आईबापांच्या हवाली करून गेली.

"बाबा, त्याला काही झालं तर मी पुन्हा घरी येणार नाही," ती म्हणाली आणि रडली. लग्न ठरत नव्हतं तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. वामनरावांनी माळेला हात लावून शब्द दिला.

मग प्रश्न आला जेवणाचा. त्यावर फोनवर सभा झाली.

"याले पोळी कुस्करून देल्ली तं?" माणिकबाईंनी विचारलं.

"आई, तो जिवंत किडे खातो. जे हलतं तेच त्याला अन्न वाटतं."

"मंग पोळी हालवून देतो मी!"

पोळीचा ठराव बारगळला. रोजचं मुख्य अन्न म्हणून कोणता किडा घ्यावा यावर साधकबाधक चर्चा झाली. पिठातले किडे वर्षालीला नको होते. त्यांच्यात चरबी फार, पाठ टणक, रोज लाडू खाल्ल्यासारखं होतं म्हणाली, सणासुदीला चालतील. रेशमाच्या अळ्या उत्तम, पण त्यांना तुतीचा पाला लागतो, आणि गावात तुती नव्हती. झुरळं सर्वांत सोयीची, पुष्टिक, उड्या मारत नाहीत आणि आवाज करत नाहीत, असं वर्षालीनं सुचवताच माणिकबाईंनी फोन नवऱ्याच्या हातातून ओढून घेतला.

"तीस वर्सं झाली, ओट्याखाली खडू ओढू ओढू मनगट गेलं माह्यं! आता त्याइलेच पाट मांडून जेवू घालू काय व?"

उरले रातकिडे. ते बिनविरोध निवडून आले.

पुण्याहून दोनशे रातकिडे कुरिअरनं मागवले. पंचेचाळीस डिग्रीत खोकं दीड दिवस अमरावतीच्या गोदामात राहिलं आणि दोनशेच्या दोनशे जण वैकुंठाला जाऊन मगच घरी पोचले. कंपनीला तक्रार केली तर उत्तर आलं, 'कृपया ते झोपलेले नाहीत याची खात्री करावी.' शेतातून पकडून आणावेत तर गावाच्या शिवारात औषध न लागलेला किडा उरलेला नव्हता. तो खाऊन पंत एका दिवसात गेला असता. दुसऱ्या खेपेला चाळीस जण वाचले, अर्धमेले. त्यांच्याकडं पाहून वामनरावांनी ठरवलं, आता घरीच पैदास करायची.

आणि त्यांना ते जमलं. ज्याला सांभार पिकवता येतो त्याला रातकिडा काय जड? न्हाणीघरामागच्या खोलीत प्लास्टिकचे चार टब मांडले. आत दडायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे केले. खायला कोंडा, किसलेलं गाजर, मेथीची पानं. पाणी वाटीत ठेवलं की बुडून मरतात, म्हणून ओला स्पंज. अंडी घालायला ओल्या रेतीची थाळी. ती उबेला ठेवली की बाराव्या दिवशी रेतीतून तिळाएवढी पिल्लं उकळल्यासारखी वर येत. प्रथिन कमी पडलं तर ते एकमेकांना खातात, हे कळल्यावर माणिकबाई हरभऱ्याचं पीठसुद्धा देऊ लागल्या. "आपल्या घरी कोनी कोनाले खाल्लं म्हून बोल नोको यायले," त्या म्हणाल्या.

दिवसाआड आठ किडे. ते एका डब्यात घ्यायचे, वर चुन्यासारखी पांढरी पौष्टिक भुकटी टाकायची आणि हलवायचं. भुकटी माखून ते असे दिसत की जणू काल्याच्या दिवशी कपाळभर गंध लावून निघालेत. वामनराव एकेक किडा पिंजऱ्यात सोडताना 'राम कृष्ण हरी' म्हणत. पंताची जीभ हातभर बाहेर येई आणि विषय संपे.

"तुमी देवाचं नाव घेता, थो किडा घेते," माणिकबाई म्हणत.

"शेवटी नाव कानावर पडलं पायजे त्याच्या. बस."

श्रावणापर्यंत चार हजार रातकिडे झाले, आणि इथं अंड्यांच्या ट्रेनी घात केला. वामनरावांनी बाजारातून एकदम शंभर रिकामे ट्रे आणले होते. उघड्या ऑटोतून. गावातून. सोमवारी.

दुसऱ्या दिवशी महादेवराव घरी आले. ते भजनी मंडळाचे अध्यक्ष, बारा एकर कपाशीचे धनी. अमरावतीच्या रस्त्यावरच्या एका धाब्यावर त्यांचं ऑम्लेट न सांगता यायचं, पण ते गावाच्या हद्दीबाहेर होतं आणि मंडळाच्या घटनेत हद्दीबाहेरचा उल्लेख नव्हता.

"वामनराव, गयात माळ अन् हे काय करून राहिले तुमी?"

"काय केलं बावा म्या?"

"शंभर ट्रे आणले अंड्यायचे. साऱ्या गावानं पायलं."

"ट्रे आणले. अंडी नाई आणली."

"मंग अंडी कोठी गेली? मोकळे ट्रे काय हवा खाले आणते कोनी? मंडळात कुजबुज चालू हाय. परवाच्या सप्ताहात तुमाले वीणा द्यायची का नाई, ते ठरवा लागते आमाले."

वीणेचं नाव निघताच वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी महादेवरावांचा हात धरला, न्हाणीघरामागे नेलं आणि एका टबाचं झाकण उघडलं. आत ट्रेच्या खळग्याखळग्यांतून चार हजार मिशा हलत होत्या.

महादेवराव टबावर वाकले. "हे पाळले तुमी? मुद्दाम?"

"हाव."

"दानापानी करून?"

"गाजर बी देतो. किसून. पोरीच्या सरड्याचं जेवन हाय थे."

"अन् सरडा खाते त्याइले. मंग पाप?"

"म्या कीर्तनात खूप ऐकलं, पन सरड्याचं कोनी सांगतलं नाई बुवा."

"पाप लागन तं सरड्याले लागन. त्याले माळ नाई." महादेवरावांनी तिथंच निवाडा दिला. संध्याकाळी देवळात त्यांनी जाहीर केलं की अंड्यांच्या आरोपातून वामनराव निर्दोष आहेत आणि वीणा त्यांचीच. हे सांगून ते पायरीवर चपला घालायला बसले, आणि चप्पल पायात अर्धी असताना त्यांना आपली बारा एकर कपाशी आठवली. चार हजार किडे. उद्या झाकण उघडं राहिलं तर? त्यांनी तिथूनच तक्रार निवारण क्रमांकावर फोन लावला. धर्म वेगळा, पीक वेगळं.

आठवड्याच्या आत जिल्हा समन्वित कीड निर्मूलन कक्षाचे क्षेत्रीय कीडगणक कुंदन मोटारसायकलवर हजर झाले. अचलपूरकडचा पोरगेला माणूस, स्वभावानं सरळ, हातात सरकारी मोबाइल.

"काका, कीड दाखवा."

"कीड नाई साहेब, जनावरं हायत माहे."

"ते अॅपले ठरवू द्या."

अॅपनं विचारलं: कीड आहे काय? कुंदननं 'होय' दाबलं. दर चौरस मीटरला किती? 'चार हजार.' शेतकऱ्याने केलेली उपाययोजना? पर्याय तीन होते: फवारणी, सापळा, काही नाही. किसलेल्या गाजराला पर्याय नव्हता. कुंदननं 'काही नाही' दाबलं आणि मोबाइल त्याच्या हातात थरथरायला लागला. धोक्याची मर्यादा दर मीटरला पाच होती. जिल्ह्याच्या नकाशावर सगळीकडं हिरवंगार, आणि वामनरावांच्या न्हाणीघरामागे रक्तासारखा लाल ठिपका.

"काका, विभागातला सर्वांत मोठा प्रादुर्भाव हाय तुमच्याकडं," कुंदन म्हणाला. आवाजात नाही म्हटलं तरी थोडा अभिमान होता.

चौथ्या दिवशी पत्र आलं. 'आपण आपल्या ताब्यातील कीड हेतुपुरस्सर व मायेने जिवंत ठेवल्याचे निदर्शनास आले आहे. सबब सात दिवसांचे आत सदर किडीचे समूळ निर्मूलन करण्यात येईल. निर्मूलनसमयी आपण स्वच्छ कपड्यांत हजर राहावे, कारण छायाचित्र काढणे अनिवार्य आहे.'

किडे मेले तर पंत उपाशी मरणार. फवारलेले किडे दिले तर विषानं मरणार. वर्षालीला यायला तीन महिने होते. वामनरावांनी पत्राची घडी करून टोपीत ठेवली आणि कुंदनला गाठलं.

"साहेब, काही तरी मार्ग सांगा."

"एकच हाय. हे पशुधन हाय म्हून जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आणा. पशुधन असलं तं थे कीड होत नाई. मी प्रादुर्भाव शून्य लिवतो."

वामनराव बसनं जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर भले होते. त्यांनी डब्यातला किडा पाहिला, अर्ज वाचला आणि एकच प्रश्न विचारला.

"कानात बिल्ला आहे का? बिल्ल्याशिवाय जनावर आम्हाला दिसत नाही."

"कान हाय ना, साहेब. पोरगी सांगत होती. रातकिड्याचा कान पुढच्या पायात राहते."

डॉक्टरांनी भिंग काढून पाहिलं. खरंच होतं. दोघांनाही क्षणभर देवाच्या करणीचं कौतुक वाटलं. मग डॉक्टरांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं: 'अर्जदाराच्या जनावराचा कान पुढील पायात असल्याने बिल्ला पायात मारावा, की पायास कान समजून बिल्ला कानात मारल्याची नोंद घ्यावी, याबाबत मार्गदर्शन व्हावे. तसेच एका बिल्ल्याचे वजन अंदाजे सात जनावरांइतके भरत असल्याने बिल्ला जनावरास मारावा की जनावरे बिल्ल्यास बांधावीत, हेही कळावे.' मार्गदर्शन दीड वर्षात येईल, असं त्यांनी आपुलकीनं सांगितलं.

फवारणीचा दिवस उजाडला. वामनराव आंघोळ करून देवघरात बसले. वीस वर्षं ते याच देवाला एक मागणं मागत आले होते. वांग्यात अळी शिरली की म्हणायचे, देवा, दुकानदारानं दिलेलं औषध खरं निघू दे. देवानं ते ऐकलं असं क्वचितच झालं. आज त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाले, "पांडुरंगा, आजच्या दिवस औषध खोटं निघू दे. तुले काई जड नाई. वीस वर्सं करूनच राहिला तू."

पथक आलं. पांढरे पोशाख, काचेचे चष्मे, पाठीवर पंप. औषधाचं नाव 'निःपात गोल्ड'. बाटलीवर उताणा पडलेला किडा आणि त्याच्यावर पाय ठेवून हसणारा शेतकरी. टबाची झाकणं निघाली, निळं पाणी फवारलं गेलं, वामनरावांचा स्वच्छ कपड्यांत फोटो निघाला. मृत किडींचा फोटो लागतो म्हणून कुंदननं कुरिअरमधल्या जुन्या दोनशे जणांपैकी काही उरलेत का विचारलं. माणिकबाईंनी ते कधीच जास्वंदीच्या मुळाशी पुरले होते. शेवटी बाटलीवरच्या किड्याचाच फोटो काढून अपलोड झाला. अॅपनं विचारलं, 'परिणामकारकता?' कुंदननं शंभर लिहिलं. लाल ठिपका गेला. चार हजार रातकिडे सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी शासकीयरीत्या निधन पावले.

पथक निघून गेल्यावर वामनरावांनी भीतभीत झाकण उचललं. किडे मिशा पुसत होते. मेले फक्त पाच, तेही पथकाच्या बुटाखाली.

तरी पंताला द्यायची हिंमत होईना. एक दिवस गेला, दोन गेले. पंताचा हिरवा रंग उतरून मातकट झाला, डोळे आत गेले. एक डोळा रिकाम्या डब्याकडं, दुसरा वामनरावांकडं. चौथ्या दिवशी कुंदन कागदावर सही घ्यायला आला, तर वामनराव पिंजऱ्यापुढं मांडी घालून बसलेले.

"काका, कावून असे बसले?"

"विष पडलं न त्यायच्यावर. कसं चारू याले?"

कुंदननं मागं वळून पाहिलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाला, "खुशाल चारा. पानी अन् रंग हाय थो. दुसरं काई नाई."

वामनरावांना आधी आनंद झाला. आठ किडे गेले, पंत हिरवा झाला. मग रात्रीची भाकरी गोड लागेना. गावात कपाशी फुलावर होती आणि हेच निळं पाणी सगळ्यांच्या घरी येणार होतं.

ते यायला वेळ लागला नाही. चार हजारांवरून शून्यावर, अशी घसरण विभागात कुणाचीच नव्हती. कक्षानं वामनरावांना 'कीडमुक्त कुटुंब' पुरस्कार जाहीर केला. देवळाच्या सभामंडपात समारंभ ठेवला. स्टेजवर उपसंचालक, शेजारी टेबलावर 'निःपात गोल्ड'च्या बाटल्यांचा डोंगर, आधार कार्डाची झेरॉक्स दिली की अनुदानावर निम्म्या किमतीत. सारं गाव जमलेलं, कारण अनुदान होतं.

स्टेजच्या पायरीवर कुंदननं त्यांना अडवलं. "काका, हात जोडा, धन्यवाद म्हना अन् खाली बसा. खरं बोल्ले तं उद्या खरं औषध येईन. तुमच्या घरी. मंग सरडा वाचत नाई, सांगून ठेवतो."

वामनराव माईकपुढं उभे राहिले. खांद्यावर शाल, हातात नारळ. समोर पहिल्या पट्टीत महादेवराव, आणि मागं ज्यांच्या ज्यांच्या बांधावर बसून त्यांनी चहा घेतला होता ते सगळे. मुलीला दिलेला शब्द घशाशी आला. त्यांनी तो गिळला आणि माळेला हात लावला.

"राम कृष्ण हरी. मायबापहो, हे औषध माह्या घरी मारलं. चार हजार किडे होते. आज मोजले नाई, पन चार हजाराच्या वरतेच असतीन. औषधानं एकही मेला नाई. उलट त्याइले पिल्लं झाली. हे पानी हाय. कपाशीवर मारसान तं बोंडअळी आंघोय करून निंघन अन् पुन्हा जेवाले बसन. घेऊ नका."

उपसंचालकांनी घड्याळाकडं पाहिलं. कुंदननं डोळे मिटले.

आणि महादेवराव उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"वा वामनराव, वा! काय दृष्टांत देल्ला!" ते मागं वळून गावाला समजावू लागले. "समजलं काय? किडे म्हंजे वासना. कितीही औषध मारा, मरते काय? आंघोय करते अन् पुन्हा जेवाले बसते! अरे, मोठमोठे बुवा असं सांगत नाईत!"

सभामंडपात टाळ्या कडाडल्या. म्हाताऱ्यांनी कान धरले. कुणीतरी 'पुंडलिक वरदे' म्हणून आरोळी दिली. उपसंचालक आभार मानताना म्हणाले की कीड नियंत्रणाला अध्यात्माची अशी जोड त्यांनी प्रथमच पाहिली.

"अरे दृष्टांत नाई हो! खरं हाय थे! पानी हाय!" वामनराव माईकवर ओरडत होते.

"हाव ना, पानीच हाय सारं," पुढच्या बाया मान डोलावून म्हणाल्या. "संसार म्हंजे पानीच."

वामनराव शाल सावरत खाली धावले. टेबलापुढं रांग लागली होती, देवळाच्या ओट्याला वळसा घालून पार हौदापर्यंत. त्यांनी पहिल्याच माणसाचा दंड धरला. ते महादेवरावच होते, हातात चार बाटल्यांची पावती.

"महादेवराव, तुमी तं डोयानं पायलं न किडे! चाला घरी, आजही दाखवतो."

"पायले ना. अन् आज ऐकलं बी. लय लागलं मनाले." महादेवरावांनी मनापासून त्यांच्या पायांना हात लावला आणि बाटल्या पिशवीत घातल्या.

वामनराव हौदाच्या काठावर बसले. चाळीस वर्षं कीर्तनं ऐकली, पहिल्या पट्टीत बसून. समोरचा माणूस आपल्याला खरंच काहीतरी सांगत असेल, असं एकदाही मनात आलं नव्हतं. नेमक्या ठिकाणी रडायचं, मान डोलावायची, प्रसाद घ्यायचा, घरी यायचं.

कुंदन शेजारी येऊन बसला. "आता माह्या घरी खरं औषध आणसान?" वामनरावांनी विचारलं.

"नाई काका. मी पायलं करून. सिस्टीममंदी एकदा मेलेला किडा पुन्हा जित्ता करता येत नाई. तशी सोयच नाई. तुमी बिनघोर पाळा. पाच हजार करा."

पंत वाचला. आजही वाचलेलाच आहे. दिवसाआड आठ दिवंगत रातकिडे खातो. वर्षाली परत आली तेव्हा त्याचं वजन वाढलेलं होतं. कपाशीचं काय झालं ते विचारायची इथं गरज नाही. तेही नियमानुसारच झालं.

वाचकहो, तुम्ही मध्ये दोनदा हसलात, एकदा मान डोलावलीत आणि 'अगदी खरं आहे हो' असं म्हणालात, तेवढं इथून दिसलं. बरं वाटलं. आता गर्दी करू नका. रांग हौदाच्या बाजूनं आहे. आधार कार्डाची झेरॉक्स सही करून हातात ठेवा.